पलटण सुटल्यावरची चाकरी

लढायांच्या बखरी आणि पलटणींचे वृत्तांत शिपायाची दखल घेतात ती तो धारातीर्थी पडेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत. त्यानंतर तो शेतकऱ्यांत, गिरणी कामगारांत, पोलीस चौकीत किंवा एखाद्या कचेरीच्या दारात मिसळून जातो आणि इतिहासाच्या नजरेआड होतो. पश्चिम महाराष्ट्रापुरते पाहिले, तरी गेल्या दोनशे वर्षांत या भूभागाने सैन्याला जितकी माणसे दिली, जवळजवळ तितकीच माणसे सैन्याकडून परत घेतली आहेत, आणि या परतलेल्या माणसांना पोटापाण्याला कोणते काम मिळाले हा प्रश्न राज्यकर्त्यांना वेळोवेळी अस्वस्थ करीत आला आहे. त्यांना मिळालेल्या कामांचा माग काढताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. राज्यकर्ते या प्रश्नाकडे प्रथम बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहत आले आणि शिपायाचा हक्क म्हणून पाहण्याची वेळ फार उशिरा आली, ही पहिली; आणि नागरी जीवनात शिपायाला उपयोगी पडली ती त्याची तलवार किंवा बंदूक नसून पलटणीत जाता जाता अंगी लागलेली दुय्यम विद्या, म्हणजे अक्षरओळख, हिशेब, भांडारातील नोंदी आणि पुढे मोटारीचे चाक, ही दुसरी.

मराठेशाहीत हा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहत नव्हता, कारण शिपाईगिरी आणि शेती यांच्यात भिंत अशी नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडी छावणीला किंवा गावी परतायचे, हा मोसमाचा क्रम पुष्कळांच्या अंगवळणी पडलेला होता. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद असला तरी दोघांच्याही घरी बहुधा जमिनीचा तुकडा असे, आणि मोठ्या सरदारांना फौजेच्या खर्चासाठी महसूल तोडून दिलेला असे, त्याला सरंजाम म्हणत. किल्ल्यांवरची व्यवस्था आणखी पक्की होती. तेथील पिढीजात रखवालदारांना, म्हणजे गडकऱ्यांना, किल्ल्याच्या घेऱ्यातील जमिनी चाकरीच्या बदल्यात लावून दिलेल्या असत आणि त्या बापाकडून मुलाकडे जात. अशा रचनेत माणूस चाकरीतून निवृत्त होत नसे. तो म्हातारा झाला की त्याचा मुलगा त्याच्या जागी उभा राही. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण पगार थकणे आणि त्यासाठी धरणे धरून बसणे हे पेशवाईच्या उत्तरार्धात नित्याचे झाले होते. मात्र बेकार शिपाई नावाचा स्वतंत्र वर्ग तिने मोठ्या प्रमाणावर निर्माण केला नव्हता.

तो वर्ग १८१८ नंतर निर्माण झाला. पेशव्यांचे राज्य संपताच त्यांच्या व त्यांच्या सरदारांच्या फौजा मोडल्या गेल्या, आणि घोडा व हत्यार जवळ असलेली, पण धनी नसलेली माणसे गावोगाव पसरली. दख्खनच्या कारभाराची सूत्रे हाती असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला या माणसांची धास्ती होती आणि तिच्यामागे पेंढाऱ्यांचा ताजा अनुभव होता. म्हणून काहींना नव्या घोडदळात घेतले गेले, काही सरदारांचे सरंजाम चालू ठेवून त्यांच्या पदरची माणसे त्यांच्याकडेच राहतील असे पाहिले गेले, आणि काहींना शिबंदीत सामावले गेले. शिबंदी म्हणजे वसुलीला जाणे, खजिन्यावर पहारा करणे आणि कैदी पोहोचवणे अशी कामे करणारे अर्धलष्करी शिपाई. खानदेशातील अरब शिपायांच्या बाबतीत हेही करण्यात आले नाही. मालेगावचा किल्ला त्यांनी १८१८ च्या उन्हाळ्यात नेटाने लढवला होता, आणि त्यांना येथे ठेवण्यापेक्षा मायदेशी पाठवून देणेच ईस्ट इंडिया कंपनीला सोयीचे वाटले. कोणाला काम द्यायचे, कोणाला जमीन द्यायची आणि कोणाला हद्दपार करायचे, हे त्या माणसाच्या योग्यतेवरून नव्हे, तर तो किती उपद्रव करू शकेल यावरून ठरत होते.

रामोशांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुरंदर आणि आसपासच्या किल्ल्यांची राखण ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांचे किल्ल्यावरचे काम गेले आणि त्याबरोबर हक्कही गेले. उमाजी नाईकाने १८२६ च्या सुमारास जो उठाव आरंभला त्यामागे हे कारण ठळक होते. कंपनीने आधी त्याच्यावर इनाम लावले, ते साधेना तेव्हा तडजोड करून काही काळ त्यालाच मुलखाच्या बंदोबस्ताच्या कामावर घेतले, आणि अखेर ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. मधल्या तडजोडीचा काळ इतिहासात सहसा झटपट उरकला जातो, पण ज्याला काम नाही म्हणून तो बंडखोर झाला, त्याला काम दिले तर तो शांत राहील हे सरकारला पुरते कळत होते, याचा तो पुरावा आहे. खानदेशात जेम्स आउट्रमने १८२५ मध्ये उभारलेली भिल्लांची पलटण याच समजुतीतून निघाली, आणि ती पुढे पोलीस दलात विलीन झाली.

कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांच्या बाबतीत ही समजूत राहिली नाही. कंपनीच्या पाठिंब्याने कारभार पाहणाऱ्या दाजी कृष्ण पंडितांनी जमाबंदीची घडी नीट बसवण्याच्या हेतूने गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या. कागदावर हा साधा कारभारी बदल होता; परंतु गडकऱ्याच्या दृष्टीने जमीन, किल्ला आणि चाकरी ही एकाच हक्काची तीन अंगे होती आणि त्यांपैकी एकाला हात लावणे म्हणजे तिन्ही काढून घेणे होते. १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले, उठावाचे लोण सावंतवाडीपर्यंत गेले आणि तो मोडायला कंपनीला मोठी फौज आणावी लागली. त्यानंतर किल्ले पाडले गेले आणि पिढीजात शिबंदीची पद्धत बंद झाली. गडकरी हे नाव आडनाव म्हणून उरले. त्यामागचा पेशा मात्र एका पिढीत नाहीसा झाला.

याच काळात कोकणात वेगळ्या प्रकारचा माजी शिपाई घडत होता. कंपनीच्या मुंबई सैन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील मराठे आणि महार मोठ्या संख्येने भरती होत, कारण डोंगराळ, तुटपुंज्या शेतीच्या त्या मुलखात रोख पगाराचे दुसरे साधन फारसे नव्हते. मुंबई सैन्यात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच पलटणीत असत, आणि बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीयांचा जसा वरचष्मा होता तसा येथे नव्हता. दक्षिण कोकणची लष्करी छावणी दापोलीला होती, म्हणून त्या गावाला कॅम्प दापोली हे नाव पडले. कवायती फौज तेथून हलवल्यावरही वयस्क शिपायांची एक पलटण काही वर्षे तेथे ठेवलेली होती. त्यामुळे दापोली आणि तिच्या भोवतालची गावे ही निवृत्त शिपाई, नाईक, हवालदार, जमादार आणि सुभेदार यांची वस्तीच बनली. महिन्याकाठी येणारे निवृत्तिवेतन, ज्याला बोलीत ‘पेनशीन’ म्हणत, रकमेने लहान असले तरी पाऊस पडो न पडो ते येई, आणि भातशेतीवर जगणाऱ्या गावात अशा निश्चित रोकडीला वेगळेच वजन असे.

या वजनालाही जातीची मर्यादा होती. मराठा सुभेदार गावी परतला की जमीन वाढवी, मुलांना पोलिसात किंवा मुंबईच्या गोदीत-गिरणीत चिकटवी आणि गावकीत त्याच्या शब्दाला मान मिळे. महार सुभेदार मात्र ज्या गावात परतत होता त्या गावाच्या लेखी तो वतनी चाकरीच्याच पायरीवर होता. छातीवरची पदके त्याला पाणवठ्यावर घेऊन जाऊ शकत नव्हती. म्हणून या वर्गाला गावापेक्षा सरकारी नोकरीची ओढ अधिक होती, आणि त्या नोकरीसाठी लागणारे भांडवल पलटणीनेच दिलेले होते. मुंबई सैन्याच्या पलटणींत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा चालत. गावातल्या शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागणाऱ्या समाजातील माणसे या शाळांत लिहायला-वाचायला शिकली, हिशेब शिकली आणि काही तर शिक्षक झाली. शिपायाच्या निवृत्त जीवनावर याचा जितका परिणाम झाला तितका बक्षिसांचा किंवा पदकांचा झाला नाही.

याच वर्गातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. अनार्य दोष परिहार मंडळाच्या द्वारे त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध केलेले लेखन व चळवळ प्रसिद्ध आहे. येथे महत्त्वाचे हे की, त्यांची दुसरी कारकीर्द पूर्णपणे लेखणीवर उभी होती आणि ती लेखणी पलटणीची देणगी होती. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांनी काहूर उठवले. निवृत्त शिपाई गावच्या कारभारात शिरला तर काय होते, याचे ते दर्शन होते.

डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांची कथा नागरी नोकरीच्या अंगाने अधिक बारकाईने पाहण्याजोगी आहे. रामजींचे वडील मालोजी हेही सैन्यातच होते. रामजींनी लष्करी शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले आणि महूच्या छावणीतून निवृत्त झाल्यावर ते कुटुंबासह दापोलीला आले. तेथे स्थायिक होण्याचा बेत बदलून ते साताऱ्यास गेले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात भांडारपालाच्या, म्हणजे सामानाचा साठा व त्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या कारकुनाच्या जागेवर लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी, दुष्काळग्रस्तांना रोजगार म्हणून खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते, आणि तेथे रामजी खजिनदार होते. दुष्काळी कामावरील खजिनदाराचे काम सोपे नव्हे. मजुरांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीचा मुकादम, हजेरीपट, मोजून दिलेले खोदकाम आणि त्यावर ठरणारी मजुरी, या सगळ्यांचा मेळ घालून सुटे नाणे हातोहात वाटायचे आणि संध्याकाळी शिल्लक जुळवायची, हे ज्याने पलटणीत हजेरी घेतली आणि भांडार सांभाळले त्यालाच निभावते. सुट्टीत वडिलांकडे निघालेल्या भीमरावाला व त्याच्या सोबतच्या मुलांना मसूर स्थानकापासून पुढे जो अनुभव आला तो डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. मुलांचे कपडे नीटनेटके होते आणि बाप सरकारी नोकर होता. तरी जात कळताच कोणी गाडीवान त्यांना घेईना. नोकरी मिळाली, पण नोकरीने जे मिळायला हवे ते मिळाले नाही, असा हा प्रकार होता.

या वर्गाची वाटच १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली. ठरावीक जमातीच जन्मतः लढवय्या असतात असा लष्करी वर्णसिद्धान्त त्या वेळी इंग्रज सेनाधिकाऱ्यांत प्रबळ झाला आणि महारांची भरती थांबवण्यात आली. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी ही मागणी नेटाने चालवली. १९१० मधील त्यांचा अर्ज भारतमंत्र्यांपर्यंत गेला. त्यात सैन्यभरतीबरोबरच पोलिसातील आणि सरकारी खात्यांतील कनिष्ठ जागाही मागितल्या होत्या, आणि ही जोडी अर्थपूर्ण आहे, कारण सैन्य बंद झाल्यावर केवळ शिपायाची नोकरी गेली नव्हती, तर तिच्या मागोमाग मिळणारी शाळा, निवृत्तिवेतन आणि दुसरी सरकारी चाकरी ही सारी साखळीच तुटली होती. खडकीचा दारूगोळा कारखाना, रेल्वे, गोदी आणि गिरण्या यांनी त्यातल्या काहींना सामावले. मात्र सुभेदाराच्या नातवाने गिरणीत लागणे ही चढती पायरी नव्हती.

पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा भरती पुन्हा उघडली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून या युद्धात इतकी माणसे गेली आणि पडली की त्या गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. परतलेल्यांना काय मिळाले, हे पाहताना पंजाबची तुलना टाळता येत नाही. पंजाबात कालव्यांखाली आलेल्या पडीक मुलखात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसाहती वसवण्याची पद्धत होती, आणि त्यामुळे तिकडचा शिपाई युद्धानंतर बागायतदार होऊ शकला. मुंबई इलाख्यात सरकारजवळ वाटायला तशी जमीन नव्हती आणि साताऱ्याच्या माणदेशी माळावर परतलेल्या शिपायाला आधीच तुकडे पडलेल्या वडिलार्जित शेताकडे किंवा मुंबईकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९१९ मध्ये सैनिकांच्या कल्याणासाठी मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचा आणि जिल्हा सैनिक कार्यालयांचा उगम तेथे आहे. त्या काळी या मंडळांचा भर निवृत्तिवेतनाची अडलेली प्रकरणे आणि तक्रारी यांवर होता; नोकरी मिळवून देणारे यंत्र म्हणून त्यांची रचनाच नव्हती.

तसे यंत्र प्रथम निर्माण झाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत वीस लाखांच्या वर गेले होते, आणि ही सर्व माणसे स्वेच्छेने भरती झालेली होती. त्यांना थोड्या काळात घरी पाठवायचे तर पहिल्या युद्धानंतरची हेळसांड परवडणार नव्हती. त्याची तयारी लढाई चालू असतानाच सुरू झाली. प्रत्येक लढाऊ सैनिकामागे महिना दोन रुपये आणि बिनलढाऊ माणसामागे एक रुपया सरकारने बाजूला काढून युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी निधी साठवला. तो सैनिकाच्या हाती न देता प्रांतांमार्फत त्यांच्या सामुदायिक कल्याणावर खर्चावा असे ठरले. सैनिकाला स्वतःचे दोन रुपये स्वतः सांभाळता येतील, असे कोणाला वाटले नसावे. जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याच्या अखत्यारीत पुनर्वसन आणि रोजगार यांसाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले, आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणी रोजगार विनिमय केंद्रे उघडली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. पलटणीची शाळा आणि त्यानंतरची सरकारी चाकरी यांवर उभ्या राहिलेल्या घरातला मुलगा या खात्याचा प्रमुख असावा, हा योगायोग चरित्रकारांनी फारसा टिपलेला नाही.

पुढे महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी ज्या कचेरीसमोर रांगा लावल्या, कार्डाचे नूतनीकरण केले आणि ‘कॉल’ येण्याची वाट पाहिली, ती ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’ मूळची फक्त सुटका झालेल्या सैनिकांसाठी आणि युद्धकामातून कमी केलेल्या कामगारांसाठी होती, हे आज बहुतेकांच्या स्मरणात नाही. तिच्या कामाची मुख्य अडचण वर्गीकरणाची होती. मोटार चालवणारा, यंत्र दुरुस्त करणारा जोडारी, बिनतारी संदेशवाला, लष्करी रुग्णालयातील शुश्रूषक आणि कारकून यांना नागरी जगात त्याच नावाचे काम होते. यांत्रिक सैन्याच्या युद्धाने अशी माणसे हजारोंनी घडवली होती. पण पायदळातील शिपायाच्या आणि तोफेवरच्या गोलंदाजाच्या कौशल्याला बाजारात नावच नव्हते. उरलेल्यांसाठी सुतारकाम, लोहारकाम, विजेचे काम असे धंदे शिकवणारे वर्ग काढण्यात आले, आणि कारागीर प्रशिक्षणाची जी योजना १९५० मध्ये देशभर सुरू झाली व ज्यातून आजची आय.टी.आय. वाढली, तिचा पाया या वर्गांत होता. सैनिकांसाठी घडवलेले हे यंत्र सैनिकांना मात्र पुरते वापरायला मिळाले नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, त्यांची नोंदणीही याच केंद्रांकडे सोपवली गेली, आणि १९४८ च्या आरंभी ती सर्वच बेकारांना खुली झाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला तेव्हा माजी सैनिक हा त्या लांब यादीतील एक प्रवर्ग उरला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुख्य बदल झाला तो निवृत्तीच्या वयात. पूर्वी जवान काही वर्षे प्रत्यक्ष सेवा करून घरी येत आणि पुढची वर्षे राखीव दलात नाव ठेवत. १९७० च्या दशकात प्रत्यक्ष सेवा वाढवून निवृत्तिवेतनास पात्र ठरणाऱ्या पंधरा वर्षांपर्यंत नेण्यात आली. अठरा-विसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशी-चाळिशीत ‘पेन्शन’ येऊ लागला. मुलांची शाळा, घराचे कर्ज आणि म्हातारे आईबाप हे सगळे याच वयात अंगावर असते, त्यामुळे दुसरी नोकरी ही चैन नसून गरज ठरली. केंद्र सरकारने क वर्गातील १० टक्के व ड वर्गातील २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखल्या, महाराष्ट्राने समांतर आरक्षणात १५ टक्के ठेवले, आणि १९७९ मध्ये पुनर्नियुक्तीचे स्वतंत्र नियम झाले. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला क वर्गातील काही जागांसाठी पदवीधरासमान मानण्याची सवलतही मिळाली. ही सवलत कागदावर उदार असली तरी स्पर्धा परीक्षेच्या खोलीत तिचा उपयोग मर्यादित असतो. राखीव जागा न भरता राहिल्याची तक्रार म्हणूनच इतकी जुनी आहे.

प्रत्यक्षात बहुसंख्यांच्या वाट्याला पहारा आला. बँकांच्या दारातील बंदूकधारी, कारखान्यांच्या आणि पुढे गृहसंकुलांच्या फाटकावरचे रक्षक, संरक्षण खात्याच्या आस्थापनांवर पहारा करणारे डिफेन्स सिक्युरिटी कोअर, ज्यात निवृत्त सैनिकच पुन्हा गणवेश घालून उभे राहतात, आणि पुण्यात मुख्यालय असलेले माजी सैनिकांचे ‘मेस्को’ हे राज्य सरकारचे महामंडळ, या सर्वांनी मिळून हजारो घरे चालवली आहेत, आणि त्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु रडार, इंजिन किंवा संगणकीय संदेशयंत्रणा हाताळलेल्या माणसाच्या हाती फाटकाची वही यावी, ही सामानगडच्या गडकऱ्याला परिचित वाटेल अशी स्थिती आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलांना कायम करायचे आणि बाकीच्यांना निवृत्तिवेतनाऐवजी एकरकमी निधी देऊन मोकळे करायचे असे ठरले, तेव्हा त्यांच्या पुढच्या रोजगारासाठी सरकारने ज्या पहिल्या सवलती जाहीर केल्या त्यांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील १० टक्के राखीव जागा होत्या.